सेन्सर दिवा, लाकडी जिना आणि सात वर्षांची मुलगी

गिरगावातल्या जुन्या चाळीचा लाकडी जिना, खोलीतल्या पोटमाळ्यावर चढणाऱ्या शिडीवजा पायऱ्या आणि या दोन्हींना मनापासून घाबरणारी माझी सात वर्षांची मुलगी, अशा तिहेरी कसोटीवर चार्ज होणाऱ्या सेन्सर दिव्याचे हे परीक्षण केले आहे. दिवा म्हणजे वीतभर लांब आणि बोटभर जाड अशी ॲल्युमिनियमची पट्टी. पाठीला लोहचुंबक, समोर एलईडींची रांग, एका टोकाला गोटीएवढा पांढरा घुमट आणि कडेला चार्जिंगची खाच. अंधारात माणूस जवळून गेले की तो पेटतो आणि हालचाल थांबली की थोड्या वेळाने आपला आपण विझतो. लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, घासाघीस करून तो चारशे रुपयांच्या आत मिळाला. निकाल आधीच सांगायचा तर जिन्यासाठी तो घ्यावा, पोटमाळ्यासाठी घेऊ नये आणि मूल जिथे झोपते तिथे तर मुळीच लावू नये. हा भेद का करावा लागतो, हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नाही, कारण खोक्यावरचा मजकूर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मोठी माणसे असतात.

ज्यांनी चाळीचा जिना रोज वापरला नाही, त्यांना मुलांची भीती कळायला थोडा वेळ लागेल. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाऊल टेकवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर असावी लागते; आमच्या जिन्याला टेप लावली तर उंची या मर्यादेच्या वर जाते आणि रुंदी खाली उतरते, म्हणजे लहान मुलासाठी तो जिना कमी आणि चढण जास्त आहे. त्यातून पायऱ्यांच्या मागची उभी फळी बऱ्याच ठिकाणी निघून गेलेली असल्यामुळे दोन पायऱ्यांमधून खालची काळोखी जागा दिसते. त्या जागेत मंडळाच्या मखराचे बांबू, एक गंजलेली सायकल, रिकामे पिंप आणि कोणाचे तरी गुंडाळलेले गादीचे भेंडोळे आहे. आमच्या लहानपणी मुंजा निदान पिंपळावर तरी राहायचा. मुलीच्या बुवाने थेट जिन्याखालचा पत्ता घेतला आहे. फळीमागच्या फटीतून हात येईल आणि घोटा धरेल, ही तिची भीती इतकी नेमकी आहे की ती चौथ्या पायरीपासून धावायला लागते. मला काळजी बुवाची नव्हती, या धावण्याची होती. झिजून गुळगुळीत झालेल्या, मध्ये खोलगट पडलेल्या लाकडी पायरीवरून पळणारे मूल खरोखर पडू शकते, आणि म्हणूनच 'मोठी झाली की जाईल भीती' एवढ्यावर हा विषय सोडता येत नव्हता.

जिन्याला दिवा नव्हता असे नाही. कॉमन मीटरवर चालणारी एक ट्यूब वरच्या चौकात आहे आणि ती संध्याकाळी लावली जाते. परंतु तिचा प्रकाश वरून येतो, त्यामुळे प्रत्येक पायरीची सावली तिच्याच खालच्या फटीवर पडते आणि नेमक्या ज्या ठिकाणी मुलीची नजर जाते, ते ठिकाण सगळ्यांत काळे राहते. शिवाय ट्यूबचे बटण वरच्या माळ्यावर आहे. खालून येणाऱ्या माणसाने आधी अंधारात चढायचे आणि मग दिवा लावायचा, ही व्यवस्था ज्याने केली त्याने बहुधा स्वतःचे मूल कधी एकटे खाली पाठवले नसावे. पूर्वी काही चाळींत खाली झीरोचा बल्ब रात्रभर जळत असे. नावाला झीरो असला तरी तो बारा ते पंधरा वॅट वीज खात असे, आणि कॉमन मीटरचे बिल कोणी किती भरायचे यावरून वाद झाला की पहिला बळी त्या बल्बचाच जाई. चुंबकावर चिकटणाऱ्या, स्वतःची बॅटरी बाळगणाऱ्या दिव्याचा पहिला आणि मोठा गुण हाच आहे, की त्याला ना वायर लागते ना मीटर. आमच्याकडे तर सभाही घ्यावी लागली नाही.

लोहार चाळीत विजेच्या सामानाची दुकाने एकाला एक लागून आहेत, आणि तिथे 'सेन्सरची लाइट' एवढेच मागितले तर दुकानदार दोन अगदी वेगळ्या वस्तू समोर ठेवतो, हे आधी माहीत असलेले बरे. एक म्हणजे होल्डरमध्ये बसणारा बल्ब, ज्यात रडार असते. दुसरी म्हणजे वर वर्णन केलेली पट्टी, जिच्यात उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. मी बल्बकडे हात नेला तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी विचारले, "ताई, घरात पार्टिशन लाकडाचं आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनी बल्ब परत खोक्यात घातला. त्यांचे म्हणणे बरोबर होते. रडारचे बल्ब साधारण ५.८ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडून परतणाऱ्या लहरींमधला फरक मोजतात, आणि या लहरी लाकूड, काच, पातळ भिंत यांतून आरपार जातात. चाळीत याचा अर्थ असा, की शेजारच्या खोलीत कोणी कूस बदलली तरी आपला जिना उजळेल. हा एक प्रश्न विचारणारा दुकानदार भेटणे हा या खरेदीतला नशिबाचा भाग होता. शेजारच्या दुकानात हीच चौकशी केली तेव्हा 'दोन्ही सेमच' असे उत्तर मिळाले होते.

पट्टीतला सेन्सर स्वतः काहीही सोडत नाही. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारे अवरक्त किरण, ज्यांची तरंगलांबी मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असते, ते हा सेन्सर टिपतो. पांढऱ्या घुमटावर जवळून पाहिले तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक पैलू दिसतात; ते फ्रेनेल भिंग असते आणि ते समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडते. ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की दिवा पेटतो. यातून बसवण्याविषयीची एक गोष्ट निघते, जी माहितीपत्रकात अत्यंत बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच: दिवा समोरून येणाऱ्या माणसाला उशिरा ओळखतो आणि आडवे जाणाऱ्याला चटकन ओळखतो. जिन्याच्या माथ्यावर, खाली तोंड करून लावला तर मूल तीनचार पायऱ्या अंधारात चढून आल्यावर तो पेटतो, आणि तोपर्यंत धावणे सुरू झालेले असते. बाजूच्या भिंतीवर, मुलाच्या गुडघ्याच्या उंचीला लावला तर पहिल्या पायरीवर पाय पडण्याआधी प्रकाश येतो. या उंचीचा दुसरा फायदा अधिक मोलाचा ठरला. प्रकाश खालून आणि आडवा पडत असल्यामुळे पायऱ्यांमधल्या फटींत थेट उजेड जातो आणि पलीकडची सायकल, पिंप, बांबू हे सगळे सायकल, पिंप आणि बांबू म्हणूनच दिसतात. माझ्या मते या वस्तूने मुलीच्या भीतीवर जो काही परिणाम केला, त्यातला निम्म्याहून जास्त या जागेचा आहे. हाच दिवा छताला लावला असता तर मी हे परीक्षण फार वेगळे लिहिले असते.

रंगाच्या निवडीतही अशीच एक खोच आहे. दिव्यावर तीन छटांचे बटण असते: पिवळसर, मधली आणि पांढरी. दुकानात पांढरी छटा सगळ्यांत झगझगीत दिसते आणि गिऱ्हाईक तीच पसंत करते. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात; पांढरी साधारण ६५०० केल्विनची असते, पिवळसर ३००० च्या आसपास. अंधाराला सरावणे हे डोळ्याचे संथ काम आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना त्यासाठी दहाएक मिनिटे लागतात आणि मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींना वीस ते तीस मिनिटे. ट्यूबच्या उजेडातून दार उघडून जिन्यावर आलेल्या मुलाला म्हणूनच तो जिना आपल्याला वाटतो त्याहून कितीतरी काळा दिसत असतो. तिथे झगझगीत पांढरा दिवा लावला तर पायऱ्या उजळतात खऱ्या, पण उजेडाच्या कडेला जो कोपरा उरतो तो आणखी गडद होतो आणि बुवा तिथे जाऊन बसतो. पिवळसर, मंद प्रकाशात उजेड आणि अंधार यांच्यामधली ही रेघ पुसट होते. झोपेच्या वेळी निळसर प्रकाश मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक कमी करतो हे वेगळे कारण आहेच. रात्री मोरीकडे किंवा संडासाकडे जाऊन आलेले मूल पुन्हा लवकर झोपावे असे वाटत असेल, तर बटण पिवळसरवरच ठेवावे.

आता दोषांकडे. सगळ्यांत मोठा दोष विझण्याच्या वेळेत आहे. या दिव्यात शेवटच्या हालचालीनंतर वीस सेकंदांनी प्रकाश जातो आणि ही वेळ बदलता येत नाही. मोठ्या माणसाला वीस सेकंद पुष्कळ होतात. मूल कठड्याला धरून एकेक पायरी चढते, मध्येच थांबते, वरून कोणी हाक मारते का ते ऐकते, आणि घाबरले की थिजून उभे राहते. सेन्सरच्या लेखी थिजलेले मूल म्हणजे रिकामा जिना. ज्या क्षणी उजेडाची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच क्षणी तो जातो, आणि हा अंधार साध्या अंधारापेक्षा वाईट असतो, कारण तो अंगावर चालून आल्यासारखा येतो. शिवाय सेन्सरचा पल्ला जेमतेम तीन मीटरचा. मूल मधल्या चौकात पोहोचते तेव्हा खालचा दिवा त्याला विसरलेला असतो आणि पाठीमागे अंधार पडतो. मुलगी म्हणाली, "आई, तो माझ्या मागे मागे बंद होतो." यावर उपाय म्हणजे मधल्या चौकात दुसरा दिवा लावणे, म्हणजे खर्च दुप्पट. बाजारात असेही दिवे आहेत जे पूर्ण विझत नाहीत, मंद होतात आणि माणूस आला की वाढतात. किंमत थोडी जास्त असते, परंतु घरात लहान मूल असेल तर तेच घ्यावेत. मधल्या चौकासाठी आम्ही तोच प्रकार आणला आणि आता खालचा दिवाही बदलण्याचा विचार आहे.

दुसरा दोष आमच्या चाळीपुरता विनोदी आहे. मांजराचे अंगही उबदार असते. रात्री साडेनऊच्या सुमारास दाराच्या फटीतून मुलीने पाहिले की जिन्यावर कोणी नाही आणि दिवा मात्र टक्क पेटला आहे. तोवर जिन्याखाली केवळ बसून असलेला बुवा त्या रात्रीपासून चालू लागला. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींनी चाळीची बोकी उचलून दिव्यासमोरून तीनदा नेली, तेव्हा खुलासा झाला. पण असे प्रात्यक्षिक दिवा लावण्याच्या आधीच करून दाखवलेले बरे. घुमटाच्या खालच्या भागावर काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की जमिनीलगतचे पट्टे बंद होतात आणि मांजर, उंदीर निभावून जातात.

बॅटरीविषयीचे खोक्यावरचे दावे हिशेबाने वाचावेत. एक हजार मिलिॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे ३.७ वॅट-अवर, दिवा एक वॅट घेत असेल तर तो एकूण पावणेचार तासांच्या आतच जळू शकतो, म्हणजे वीस सेकंदांच्या हिशेबाने साधारण साडेसहाशे वेळा. एका कुटुंबाच्या जिन्याला हे पुष्कळ दिवस पुरेल. चाळीच्या जिन्याला, जिथे दूधवाल्यापासून शिकवणीच्या मुलांपर्यंत सगळ्यांची ये-जा आहे, पंधरवडाही कष्टाने जातो, आणि गणपतीच्या दिवसांत तर चार्जिंगची वेळ कधी येते ते कळतही नाही. चार्जिंग घरात, डोळ्यांसमोर करावे. लाकडी जिन्यात लिथियमची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवणे हा शहाणपणा नाही.

हवामानाचेही सांगायला हवे. मे महिन्यात जिन्यातली हवा ३४ अंशांच्या पुढे गेली की ती आणि माणसाची त्वचा यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, आणि फरकावरच चालणारा हा सेन्सर तेव्हा आळशी होतो. तीन मीटरचा पल्ला दीडवर येतो. पावसाळ्यात दुखणे वेगळे. सोबत येणारी चिकटपट्टी चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही, पापुद्र्यासकट खाली येते. लोखंडी पट्टी जिन्याच्या लाकडाला स्क्रूने बसवून तिच्यावर दिवा चिकटवला की प्रश्न मिटतो.

पोटमाळ्यावर मात्र हा दिवा सपशेल नापास झाला, आणि कारण तेच, विझणे. पोटमाळ्यावर मूल जाते ते बसायला: जुनी खेळणी काढायला, चित्रे पाहायला. तिथे हालचाल थोडी आणि सेन्सरची नजर अर्धवट, त्यामुळे दर थोड्या वेळाने हात हलवून दिव्याला आपण असल्याची आठवण द्यावी लागते. अंधाराला आधीच घाबरणाऱ्या मुलाला ही शिक्षा आहे. तिथे आम्ही वायरमनला बोलावून साधा अर्ध्या वॅटचा एलईडी आणि टू-वे स्विच बसवून घेतला, एक बटण खाली शिडीपाशी आणि एक वर. मुलीने पहिल्याच संध्याकाळी वर-खाली जाऊन दोन्ही बटणे इतक्या वेळा दाबली की मला ओरडावे लागले. यावरून माझे असे मत झाले आहे की आपोआप पेटणाऱ्या भारी दिव्यापेक्षा मुलाच्या हाताला येणारे स्वस्त बटण भीतीवर जास्त काम करते. जिन्यावर ते शक्य नव्हते म्हणून सेन्सर, एवढीच त्याची पात्रता.

वस्तूकडून किती अपेक्षा ठेवावी हेही याच ओघात आले. कल्पनाशक्ती वाढू लागते त्या दोन-तीन वर्षांच्या वयात अंधाराची भीती डोके वर काढते, शाळेत जाऊ लागण्याच्या सुमारास ती जोरात असते आणि बहुतेक मुलांमध्ये आठ-नऊ वर्षांपर्यंत आपसूक ओसरते. तिला घाई करण्याचे दोन्ही मार्ग चुकीचे: 'जिन्याखाली बसव हिला' अशी जबरदस्तीही, आणि मुलाला जिन्यावरून कायम कडेवर नेणेही. थोडे थोडे सामोरे जाणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि या दिव्याची एक सोय त्याला उपयोगी पडते: बटण दाबून धरले की प्रकाश कमी करता येतो. आम्ही पूर्ण उजेडापासून सुरुवात करून, मुलीला सांगून आणि तिच्याच हाताने, तो हळूहळू उतरवत आणला. न सांगता कमी केला असता तर विश्वास गेला असता. भीतीमुळे झोप, शाळा किंवा संडासाला जाणे सहा-सहा महिने अडत असेल तर मात्र दिव्यांची दुकाने पालथी घालू नयेत. केईएम, नायर आणि शीव इथल्या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा फोनवर सल्ला देते.

रात्री दिवा चालू ठेवला तर मुलाला चष्मा लागतो, असे आम्हाला चाळीत दोघातिघांनी ऐकवले. या समजुतीला मूळ आहे: १९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तसा संबंध सुचवणारे संशोधन आले होते. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासांना तो संबंध सापडला नाही, आणि ज्यांना स्वतःला चष्मा आहे असे आईवडील मुलांच्या खोलीत दिवा जास्त ठेवतात, हे एक संभाव्य कारण पुढे आले. तेव्हा या भीतीने दिवा टाळू नये. झोपण्याच्या जागी हा सेन्सर दिवा लावू नये याचे कारण साधे आहे: मूल कूस बदलते, दिवा पेटतो, मूल जागे होते.

खरेदीला जाताना लोहार चाळ रविवारी बंद असते हे लक्षात ठेवावे. दिवा दुकानातच काउंटरखालच्या अंधारात धरून पेटवून पाहावा, घड्याळ लावून विझण्याची वेळ मोजावी आणि खोक्यावर बॅटरीची क्षमता छापलेली नसेल तर तो नग बाजूला ठेवावा. आमच्या पहिल्या दिव्याची चार्जिंगची खाच पावसाळ्याआधीच सैल झाली आणि दुकानदाराने, पक्के बिल नसल्यामुळे, तो बदलून देण्यास नकार दिला. दुसऱ्या वेळी जीएसटीसह चाळीसएक रुपये जास्त मोजून पक्के बिल घेतले, आणि त्यावर हाताने का होईना, 'सहा महिने बदली' असे लिहून घेतले आहे.